आठ सेंटिमीटर : घडीच्या एका कमानीचा परदेश दौरा

वस्तू म्हणजे प्रदर्शनात उभी करायची एक कमान. हॉलमध्ये उभी केली की ११ मीटर लांब, पावणेपाच मीटर उंच, लोक आतून चालत जातील अशी. कात्रीसारखा उघडणारा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर ताणून बसवायचं छापील कापड, आतल्या अंगाला ६४ एलईडी पॅनल, कडेला चुंबकाने चिकटणाऱ्या माहितीपट्ट्या आणि हलू नये म्हणून तळाशी लोखंडी पाट. चार माणसं सहा तासांत उभी करतात, चार तासांत घडी घालतात. आमच्या माहितीपत्रकात ‘पोर्टेबल’ हा शब्द तीनदा होता. तो खोटा नव्हता, पण हॉलच्या दारापुरताच खरा होता.

मी ही कमान बनवणाऱ्यांकडे माल पाठवण्याचं काम बघत होतो. दौरा साधा वाटत होता. आधी युरोपीय संघातल्या एका शहरात प्रदर्शन, ते संपल्यावर १९ दिवसांनी स्वित्झर्लंडमध्ये दुसरं, मग परत. जायचं जहाजाने, मधला टप्पा ट्रकने, यायचं पुन्हा जहाजाने. उतरवून घेण्याची जी वेळ हॉलवाल्यांनी दिली होती, तिच्या नऊ दिवस आधी जहाज बंदराला लागणार होतं. बंदरापासून हॉलच्या दारापर्यंत चार दिवस धरले होते, म्हणजे पाच दिवस गाठीशी. या धंद्यात एवढी सवड मिळाली की माणूस निर्धास्त होतो. आम्हीही झालो.

खोकी आणि त्यातली हवा

सांगाड्याचे चार भाग, प्रत्येकाला एक लाकडी क्रेट. लांबी २२० सें.मी., रुंदी ११०, उंची १६८, भरलेलं वजन ३१० किलो. एलईडी पॅनलना चाकांच्या आठ फ्लाइट केस. कापडाचे रोल दोन लांबट पेट्यांमध्ये. लोखंडी पाट ४०, प्रत्येकी २५ किलोचे. शिवाय जमिनीवर टाकायच्या फळ्या, हत्यारं, वायरी, दिवे. सगळं मिळून वजन चार टनांच्या आतच. २० फुटी कंटेनरमध्ये याच्या कितीतरी पट वजन जातं, त्यामुळे वजनाची चिंता नव्हती. चिंता जागेची होती, आणि ती आम्ही फार उशिरा केली.

१६८ हा आकडा आला कुठून? सांगाडा घडी घातल्यावर १४२ सें.मी. उंच होतो. खाली फोर्कलिफ्टचे काटे शिरावेत म्हणून १० सें.मी.चे ठोकळे, त्यावर २ सें.मी.चा तळ, ३ सें.मी. फोम. वर ४ सें.मी. फोम, २ सें.मी.चं झाकण आणि झाकण वाकू नये म्हणून बाहेरून ठोकलेल्या ५ सें.मी.च्या पट्ट्या. बेरीज १६८. यातला एकही आकडा उगाच नाही. फक्त ही बेरीज कुणी आधी केली नव्हती. डिझाइनरने कमान उभी कशी दिसेल ते पाहिलं, सुताराने घडीच्या मापाने खोकं बांधलं आणि माझ्याकडे माप आलं ते थेट पॅकिंग लिस्टमध्ये.

आता हेच माप कंटेनरमध्ये घालून पाहा. २० फुटी कंटेनर आतून ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद. क्रेट आडवा लावला की २२० सें.मी. रुंदीत बसतो आणि लांबीतले ११० सें.मी. खातो. चार क्रेटनी ४.४ मीटर खाल्ले. उरला दीड मीटर, त्यात आठ फ्लाइट केस, दोन लांब पेट्या, पाट आणि फळ्या बसणं शक्य नव्हतं. एकावर एक क्रेट ठेवावेत तर ३३६ सें.मी. होतात आणि दार जेमतेम २२८ सें.मी. उंच. हाय-क्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या कंटेनरचं दारसुद्धा २५८. म्हणजे प्रत्येक क्रेटच्या डोक्यावर अर्धा-पाऊण मीटर रिकामी जागा, आणि तिचं भाडं आमच्या खिशातून. शेवटी ४० फुटी हाय-क्यूब घेतला आणि त्यातून बरीचशी हवा पाठवायची ठरवली. कुरकुर झाली, पण जहाजाचं भाडं विमानापुढे काहीच नसतं, म्हणून कुणी फार खोलात गेलं नाही.

एक ठोकळा

कंटेनर भरायचा दिवस बुधवार. बंदरात कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, म्हणजे कट-ऑफ, शुक्रवारी दुपारी. फॉरवर्डरचा, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटचा माणूस प्रत्येक खोक्याचे फोटो काढत होता. तिसऱ्या क्रेटपाशी तो खाली वाकला, ठोकळ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “साहेब, हा नवीन टाकलाय का?”

टाकला होता. दोन महिन्यांपूर्वी गोदामात फोर्कलिफ्टचा काटा लागून जुना ठोकळा चिरला होता आणि आमच्या माणसांनी कोपऱ्यात पडलेल्या लाकडातून तेवढाच तुकडा कापून बसवला होता. काम नीट होतं. शिक्का मात्र नव्हता.

परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी वेष्टनाला आयएसपीएम १५ हा नियम लागू होतो. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ मध्ये हे मानक ठरलं. कारण साधं आहे : कच्च्या लाकडाच्या पोटातून भुंगेरे आणि सूत्रकृमी एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात आणि तिथली जंगलं पोखरतात. म्हणून लाकूड तापवायचं. त्याच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं ५६ अंश सेल्सिअस राहिलं पाहिजे. मिथिल ब्रोमाइडची धुरी हाही मार्ग आहे, पण युरोपसारख्या ठिकाणी त्या वायूकडे कुणी बऱ्या नजरेने बघत नाही. प्रक्रिया झाली की गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा संकेत, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेचा संकेत असा शिक्का बसतो. प्लायवूडला यातून सूट आहे, कारण ते बनतानाच उष्णता, दाब आणि डिंक यांतून गेलेलं असतं. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही सूट आहे.

एवढं मला पाठ होतं. क्रेटच्या दोन बाजूंना शिक्के होतेही. दुरुस्तीचा नियम मात्र मी कधी वाचला नव्हता. दुरुस्त केलेल्या खोक्यात बदललेला प्रत्येक लाकडी भाग प्रक्रिया केलेला हवा आणि त्यावर स्वतंत्र शिक्का हवा. साधारण एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलले असतील, तर जुने शिक्के पुसून सगळ्या खोक्यावरच पुन्हा प्रक्रिया करावी लागते. आमचा एकच ठोकळा बदलला होता, त्यामुळे दुसरी वेळ आली नव्हती. पण तो एक ठोकळा बिनशिक्क्याचा होता आणि अशा लाकडासाठी पलीकडच्या बंदरात खोकं अडवता येतं, नष्ट करता येतं किंवा मालासकट परत धाडता येतं.

“ठोकळा खालच्या बाजूला आहे, कोण बघणार?” असंही कुणीतरी म्हणालं. एकाने तर ब्रश आणि काळा रंगही आणायला सांगितला. हे मी लपवत नाही, कारण अशा संध्याकाळी असे सल्ले मिळतातच. खोटा शिक्का मारणं म्हणजे चुकीवर गुन्ह्याचं झाकण ठोकणं. फॉरवर्डरने सरळ सांगितलं की तसं केलं तर तो कंटेनरला हात लावणार नाही.

प्रक्रिया केलेलं, शिक्क्याचं लाकूड मिळवून, ३१० किलोचा क्रेट उचलून, ठोकळा बदलायला दोन दिवस लागले. कट-ऑफ गेला. पुढचं जहाज सात दिवसांनी. नऊतले सात गेले, उरले दोन, आणि बंदरापासून हॉलपर्यंत आम्हाला चार हवे होते.

उंची किती म्हणालात?

पर्याय तीन होते. सगळं पुढच्या जहाजाने पाठवून उद्घाटनाच्या दिवशी रिकामा चौथरा दाखवायचा. सगळं विमानाने पाठवायचं. किंवा माल फोडायचा : कमान उभी राहायला जे लागतंच ते विमानाने, बाकीचं जहाजाने, दुसऱ्या प्रदर्शनासाठी. तिसरा पर्याय घेतला.

फोडताना पहिल्यांदा लोखंडी पाट बाजूला पडले. एक हजार किलो लोखंड विमानात चढवायचा विचारही नको होता. पाटांऐवजी तिथेच भाड्याने मिळणाऱ्या पाण्याच्या टाक्या वापरायच्या ठरल्या. हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. वजन म्हणून वापरायचं वजन जगात कुठेही मिळतं, ते बरोबर घेऊन हिंडण्यात अर्थ नाही. पाट त्या दौऱ्यात गेलेच नाहीत आणि पुढेही कधी जाणार नाहीत.

मग मी फॉरवर्डरला फोनवर मापं सांगितली. २२० बाय ११० बाय १६८. पलीकडे जरा शांतता. “उंची किती म्हणालात?”

प्रवासी विमानाच्या पोटात माल जातो तो साधारण १६० सें.मी. उंचीपर्यंत. मोठ्या विमानांच्या खालच्या दाराची उंचीच तेवढा माल घेण्याजोगी असते, त्यामुळे धंद्यात ‘एकशेसाठ’ हा आकडा लहान पोरालाही पाठ असावा अशी अपेक्षा असते. त्याहून उंच नग मालवाहू विमानाच्या वरच्या मजल्यावर जातो. तिथे अडीच मीटरचाही माल चढतो, पण अशी विमानं रोज उडत नाहीत आणि प्रत्येक विमानतळावर उतरत नाहीत. आमच्या मार्गावर आठवड्यातून एकच होतं. तेही जिथे उतरणार होतं तिथून हॉल दोन दिवसांच्या ट्रकवर.

आठ सेंटिमीटर. बोटभर लांबीसाठी चार क्रेट अडकले होते.

आता १६८ची बेरीज पुन्हा मांडली. ठोकळ्यांना हात लावता येत नव्हता, फोर्कलिफ्टला काटे घालायला जागा हवीच. सांगाडा १४२चाच राहणार. उरलं झाकण. बाहेरच्या पट्ट्या ५ आणि आतला फोम ४, दोन्ही काढले तर १५९. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी माप टेप लावून पाहिलं आणि म्हणाले, “पट्ट्या काढतो, पण मग झाकण जाड प्लायचं घ्या, नाहीतर मधोमध बसेल.” जाड प्लाय घेतलं, पण सांगाड्याचा वरचा भाग जिथे टेकतो तिथे झाकणाला आतून खाच पाडली, म्हणजे उंची वाढली नाही. नवं झाकण प्लायवूडचं असल्याने शिक्क्याचा प्रश्नही नव्हता. बुधवारपासून पहिल्यांदाच एक गोष्ट आपल्या बाजूने गेली.

फोम काढायला डिझाइनरचा सक्त विरोध होता. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, ते पुढे दिसलंच.

विमानाच्या भाड्याचा हिशेब इथे सांगितलाच पाहिजे, कारण मोठी पण हलकी रचना पाठवणाऱ्याला तोच सगळ्यात जास्त चटका देतो. विमान कंपनी खरं वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे मोठं असेल ते धरते. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचं. २२० × ११० × १५९ ला ६००० ने भागलं तर ६४१ किलो. क्रेटचं खरं वजन ३१० किलोही भरत नव्हतं. म्हणजे दुपटीहून जास्त. जहाजात सुटा माल पाठवताना एक घनमीटरला एक टन धरतात. विमानात तोच एक घनमीटर १६७ किलोचा मानतात. एवढा फरक असल्याने जहाजाच्या हिशेबाने बांधलेलं खोकं विमानात चढलं की भाड्याचा आकडा डोळे पांढरे करतो.

रुंदीचाही एक धडा मिळाला. विमानात माल ज्या मोठ्या पत्र्याच्या पॅलेटवर बांधतात, त्यातला नेहमीचा ३१७.५ × २४३.८ सें.मी.चा. जाळी आणि कडा सोडून वापरायला मिळते ती लांबी याहून थोडी कमी. त्यावर आमचे दोन क्रेट बसले आणि शेजारी जवळपास एक मीटर जागा रिकामी राहिली. क्रेट ११० ऐवजी १०० सें.मी. रुंद असता तर तीन बसले असते. सांगाड्याला रुंदीत ९२ सें.मी. पुरत होते. बाकीची जागा फोमने आणि सवयीने घेतली होती.

चुंबक आणि बॅटऱ्या

जहाजाने जाताना ज्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, अशा दोन गोष्टी विमानतळावर एकदम महत्त्वाच्या होतात.

माहितीपट्ट्या ३६. प्रत्येकीच्या पाठीला आठ निओडिमियम चुंबक. पॅक करणाऱ्याने त्या नीट एकाच दिशेने रचल्या होत्या, पत्त्यांच्या कॅटसारख्या. दिसायला सुबक, पण सगळी चुंबकं एकमेकांना जोर देत होती. विमानात चुंबकाची अडचण होकायंत्रामुळे. नियम असा : खोक्यापासून २.१ मीटरवर चुंबकी क्षेत्र ०.१५९ अँपिअर प्रतिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा तिथे होकायंत्राची सुई दोन अंशांहून जास्त हलत असेल, तर तो माल धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात जातो आणि त्याला त्या वर्गाचे नियम लागतात. आम्ही आधी साधं होकायंत्र घेऊन फिरलो. सुई सरळ डोलली. मग पट्ट्या जोडीजोडीने, चुंबकाचं तोंड चुंबकाला लावून ठेवल्या, पेटीला आतून पातळ पोलादी पत्रा लावला आणि मोजणी करून घेतली. बसलं नियमात. एकंदर तीन तासांचं काम, आणि पेटी तीच.

दिव्यांचं जरा वेगळं होतं. कमानीच्या पायाशी ठेवायचे बिनवायरचे २० दिवे, आत लिथियम-आयन बॅटरी. शिवाय सुट्या १० बॅटऱ्या. यंत्रात बसवलेली बॅटरी आणि सुटी बॅटरी यांना वेगवेगळे क्रमांक आहेत : पहिलीला यूएन ३४८१, दुसरीला यूएन ३४८०. सुट्या बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून नेताच येत नाहीत. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या चालत नाहीत. सुट्या बॅटऱ्या घरी ठेवल्या. दिवे रीतसर लेबल लावून, जाहीर करून पाठवले. दिव्याचं बटण प्रवासात दाबलं जाऊ नये म्हणून प्रत्येकावर पुठ्ठ्याची टोपी घातली. हा उद्योग एका मुलाने रात्री बसून केला आणि मला तो अजूनही आठवतो, कारण त्या चार दिवसांत न सांगता झालेलं तेवढं एकच काम.

वह्या दोन झाल्या

सगळा माल एटीए कार्नेटवर जाणार होता. कार्नेट म्हणजे मालाचा पासपोर्ट म्हणा. प्रदर्शनासाठी थोड्या दिवसांकरिता नेलेल्या वस्तू ठरावीक मुदतीत परत न्यायच्या आणि त्या हमीवर आयात शुल्क भरायचं नाही. १९६१च्या करारातून ही पद्धत सुरू झाली, आज ती मुख्यतः १९९० च्या इस्तंबूल करारावर चालते आणि देशोदेशीची व्यापारी मंडळं ही वही देतात. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. वाटून संपणाऱ्या वस्तू त्यात चालत नाहीत, म्हणून पत्रकं आणि भेटवस्तू आमच्याकडे आधीपासूनच वेगळ्या बिलावर होत्या.

पण वही एक होती आणि माल दोन वाटांनी निघाला होता. एकाच वेळी एक वही विमानतळावर आणि बंदरात कशी असणार? वही वापरलेली नव्हती, म्हणून परत करून दोन करून घेतल्या : अ विमानाची, ब जहाजाची. एकदा दिलेल्या कार्नेटच्या यादीत नवी वस्तू घुसवता येत नाही, त्यामुळे काय कुठे जाणार ते त्याच दिवशी पक्कं करावं लागलं.

तेव्हा आमच्या यादीची लाज वाटली. जुनी यादी वस्तूंच्या प्रकाराने केली होती : एलईडी पॅनल ६४ नग, कापड १४ नग, सांगाड्याचे भाग ४ नग. कोणती वस्तू कोणत्या खोक्यात, हे तिच्यावरून कळत नव्हतं. कस्टम्सचा अधिकारी एक खोकं उघडून “यातलं यादीत कुठे आहे?” असं विचारणार, आणि उत्तर द्यायला ६४ पॅनलचे क्रमांक शोधावे लागणार. नवी यादी खोक्यावार केली. खोकं ५, त्यात पॅनल आठ, त्यांचे अनुक्रमांक, खाली खोकं ६. रात्र गेली. पुढे दोन ठिकाणी तपासणी झाली आणि दोन्हीकडे मोजून दहा मिनिटांत संपली.

पोचल्यावर

अ माल वेळेच्या एक दिवस आधी हॉलमध्ये आला. खोकं कललं की रंग बदलणारं दुसऱ्या क्रेटवरचं दर्शक लाल झालं होतं आणि झाकण उघडताच कारण दिसलं : सांगाड्याच्या वरच्या ओळीतला एक सांधा झाकणाला घासून किंचित वाकला होता. नेमका तिथेच फोम काढलेला. माल मिळाल्याच्या कागदावर सही करण्याआधी फोटो आणि शेरा लिहून घेतला. सही झाल्यावर विमा कंपनीला काही समजावता येत नाही. सुटे सांधे हत्यारांच्या पेटीत होते, अर्ध्या तासात बदलला. डिझाइनर काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कापडाच्या आगप्रतिबंधाचं प्रमाणपत्र हॉलच्या सुरक्षा तपासनिसाने लगेच मागितलं. ते युरोपात चालणाऱ्या ईएन १३५०१-१ वर्गीकरणाचं होतं आणि फाइलच्या पहिल्या पानावर होतं. तिथे अडलं नाही.

रिकामी खोकी प्रदर्शनभर हॉलबाहेरच्या साठ्यात जातात. ‘रिकामं’ अशी चिठ्ठी लावली की फोर्कलिफ्टवाले घेऊन जातात आणि प्रदर्शन संपेपर्यंत ती दिसत नाहीत. आमच्यातल्या एकाने उत्साहाच्या भरात हत्यारांच्या पेटीवरही ती चिठ्ठी चिकटवली. पाच दिवस शेजारच्या स्टॉलवाल्यांकडून स्क्रू ड्रायव्हर मागून काम चाललं.

सीमेवर

युरोपीय संघ कस्टम्सच्या दृष्टीने एकच प्रदेश आहे, स्वित्झर्लंड त्याच्या बाहेर. म्हणजे अ वहीवर आधी संघातून बाहेर पडल्याचा शिक्का हवा, मग स्विस प्रवेशाचा, मग स्विस बाहेर पडल्याचा, पुन्हा संघात प्रवेशाचा. पानं तेवढी मागवून घेतली होती. पानं कमी पडून सीमेवर अडकलेले लोक मी पाहिलेत, तो मूर्खपणा टळला होता.

ट्रक सीमेवर पहाटे पोचला. दोन्ही देशांच्या कस्टम्सच्या खिडक्या एकाच आवारात होत्या. ड्रायव्हर थेट दुसऱ्या खिडकीला गेला. तिथल्या अधिकाऱ्याने स्विस प्रवेशाचं पान नीट भरून शिक्का मारला आणि ट्रक सुटला. पहिल्या खिडकीकडे कुणी गेलंच नव्हतं. संघाच्या दफ्तरी आमची कमान अजून संघातच होती.

हे आम्हाला कळलं दौरा संपून वही व्यापारी मंडळाकडे परत देताना. मंडळातल्या कारकुनाने पानं उलटली, एका ठिकाणी थांबला आणि कोरा तुकडा बोटाने दाखवला. तो म्हणाला की मागणी येईल, घाबरू नका, पण आत्तापासूनच कागद जमवा.

वहीची मुदत संपल्यावर एक वर्षापर्यंत परदेशी कस्टम्सला शुल्काची मागणी करता येते. आमची मागणी दहाव्या महिन्यात आली. मागणी आल्यापासून सहा महिन्यांत माल बाहेर गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा आमच्याकडे होता तो नेमका त्याच पहाटेचा : दुसऱ्या देशाने आपल्या प्रवेशाच्या पानावर मारलेला शिक्का. तोच माल, तीच तारीख, तेच खोक्यांचे क्रमांक. माल एका ठिकाणी आत आला म्हणजे आधीच्या ठिकाणाहून बाहेर पडला, हे करारानेच मान्य केलेलं आहे. खोक्यावार यादीचा इथे दुसऱ्यांदा उपयोग झाला. शुल्क माफ झालं, नियमित करून घेण्याची फी तेवढी भरावी लागली. फाइल बंद झाल्याचं पत्र आलं तेव्हा कमान गोदामात धूळ खात होती.

आता ड्रायव्हरच्या हाती वहीसोबत एक कागद देतो. त्यावर खिडक्यांचा क्रम, प्रत्येक पानाचा रंग आणि शिक्का कुठे बसायला हवा त्या जागेचा फोटो. सीमा ओलांडण्याआधी त्याने त्या पानाचा फोटो पाठवायचा, तोपर्यंत गाडी हलवायची नाही. दोन ड्रायव्हरांनी याला नावं ठेवली, तिसऱ्याने तो कागद मागून घेतला.

पुढची कमान

नव्या कमानीचं रेखाटन सध्या टेबलावर आहे. डिझाइनरने या वेळी आधी घडी काढली आणि मग कमान. घडीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत उंची १२८ सें.मी. होते. ठोकळे, तळ, दोन्हीकडचा फोम आणि झाकण धरून खोकं १४९चं, म्हणजे विमानात निवांत. दुसऱ्या पद्धतीत सांध्यांची एक ओळ वाढते, घडी ९८ची आणि खोकं ११९चं. ते हाय-क्यूबमध्ये एकावर एक दोन चढतात, कारण २३८ सें.मी. २५८च्या दारातून जातं. २० फुटीच्या २२८च्या दारातून मात्र दहा सेंटिमीटरने राहतं. शिवाय सांधे वाढले की वजन वाढतं, उभी करायला तास-दीड तास जास्त लागतो आणि मोडायला एक जागा जास्त होते. दोन दिवस वाद झाला. मी दुसरीच्या बाजूने होतो आणि हरलो. कमान वर्षातून दोन-तीनदा परदेशी जाते, पण उभी मात्र तीस-चाळीसदा करावी लागते, हा मुद्दा मला खोडता आला नाही.

तर १४९. रुंदी १००, पॅलेटवर तीन बसतील अशी. मिस्त्रींना कागद दाखवला. त्यांनी चष्मा चढवून सगळे आकडे बोटाने जुळवले आणि विचारलं, “झाकणाच्या पट्ट्या बाहेरून की आतून?”

“आतून.”

“मग फोममध्ये त्यांच्यासाठी खाच सोडा,” ते म्हणाले आणि पेन्सिलने कागदावर खूण केली.